उजव्या करंगळीचा माणूस

किसनसिंग आडे मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यालाही मी आवडत नाही, त्यामुळे हिशोब बरोबर आहे. दिग्रसमध्ये त्याच्याबद्दल बरं बोलणारी माणसं शोधायची तर बसस्टँडपासून सुरुवात करून गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागेल, आणि तिथूनही रिकाम्या हातानं परत यावं लागेल.

कचेरीच्या कंपाउंडला लागून एक टिनाचं शेड होतं. तिथं तो एकतीस वर्षं टेबल टाकून बसला. वकिलांचे दावे, शपथपत्रं, वाटणीपत्रं, वारसांचे अर्ज, जे लागेल ते टाइप करून द्यायचा. एखादा पक्षकार चुकून म्हणाला की, "आडेसाहेब, जरा लवकर करता का," की तो मशीनमधला कागद ओढून काढायचा, टेबलावर उलटा ठेवायचा आणि चष्मा पुसत बसायचा.

"घाई हाय का तुले? मंग तिकडं जा. घाईची माणसं तिकडं बसते."

तिकडं म्हणजे शेडच्या दुसऱ्या टोकाला. तिथं स्वानंद मोहरील लॅपटॉप घेऊन बसायचा.

पण हात मात्र असे, की रागानं परत निघालेला माणूस दहा पावलं जाऊन पुन्हा फिरायचा. त्याचं मशीन सुरू झालं की टिनावर कुणी पोत्यानं ज्वारी ओततंय असं वाटायचं. चूक नाही, खाडाखोड नाही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही त्याच्या स्पीडला कचेरीत जोड नव्हती, आणि हे त्याला माहीत असल्यामुळेच तो इतका असह्य होता.

त्याची एक पद्धत होती, ती नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा राडा तिच्यातूनच झाला. जुन्या टाइपरायटरवर नुकतीच टाइप केलेली ओळ फितीच्या मागं लपलेली असते. शिफ्टचं बटण दाबून धरलं की वरचा भाग कागदासकट उचलला जातो आणि ओळ दिसायला लागते. परिच्छेद संपला की किसनसिंग उजव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरायचा, ओळ वर आणायचा, तिच्यावर एक नजर टाकायचा आणि मग अख्खा परिच्छेद पक्षकाराला म्हणून दाखवायचा. पाठ म्हणून, कागदावरून वाचून नाही. मजकूर त्याच्या डोक्यात असायचा आणि डोळे पक्षकाराच्या तोंडावर रोखलेले असायचे. त्याचं म्हणणं असं, की खोटं सांगणारा माणूस आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना एकदा तरी पापणी हलवतो. म्हणून झालं की विचारायचा, "हाव?" पक्षकार घाबरत "हाव" म्हणाला की करंगळी उचलून नवीन ओळ सुरू. कैक भावांनी भावांच्या विरोधात लिहून आणलेले खोटे अर्ज त्या नजरेपुढं खिशात परत घातले आहेत. पोलिसांना जमत नाही ते हा माणूस एका करंगळीवर करायचा.

आता मोहरीलचं. स्वानंदचे वडील कमलाकर मोहरील यांचं गावात टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. किसनसिंग सात किलोमीटरवरच्या तांड्यातून सायकल मारत तिथं शिकायला यायचा. कमलाकर सरांनी त्याला कायम मागच्या रांगेतलं मशीन दिलं. त्या मशीनचा 'श' अडकायचा. तांड्याच्या पोराला टायपिंग काय येणार, आलं तरी काय करणार, असा सरांचा साधा हिशोब. त्या अडक्या मशीनवर शिकून किसनसिंगनं परीक्षेत इन्स्टिट्यूटमधला सगळ्यात जास्त स्पीड काढला. दाराशी यशस्वी विद्यार्थ्यांची पाटी होती. तिच्यावर त्याचं नाव आलं नाही. विचारायला गेला तर सर म्हणाले, "पाटीवर जागा नाही रे." पुढच्या वर्षी त्याच पाटीवर आणखी दोन नावं बसली.

चाळीस वर्षं होत आली, किसनसिंग त्या गल्लीतून गेलेला नाही. बाजारात जायचं तर जिनिंगच्या बाजूनं वळसा घालतो. कमलाकर सर वारले, तेव्हा त्यानं वैराचा फेरफार करून घेतला: बापाचं नाव कमी, मुलाचं नाव दाखल.

आणि मुलगाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. स्वानंद चौतिशीचा, गोड बोलणारा, प्रत्येकाला 'काका' म्हणणारा. कुणाचंही काम वीस मिनिटांत करून द्यायचा. कसं? तर पेन ड्राईव्हमध्ये दोनशे जुने दस्त भरून ठेवलेले. नवा माणूस आला की जुना दस्त उघडायचा, नावं बदलायची, प्रिंट मारायची. किसनसिंग त्याला 'नकल्या' म्हणायचा, आणि हळू आवाजात नाही.

गेल्या वर्षी शेड पाडायचं ठरलं. वकिलांना पार्किंग पाहिजे होती. त्याच्या बदल्यात त्यांनी वर्गणी करून बाजूला एक पक्की खोली बांधली आणि तिच्यात एक कम्प्युटर ठेवायचा असं ठरवलं. आता सगळं पेन ड्राईव्हवर लागतं, टाइपरायटरचा कागद कुणी घेत नाही. खोली एक, खुर्ची एक, टायपिस्ट एक. दुसऱ्यानं कंपाउंडच्या बाहेर.

वकिलांमधले सगळ्यात ज्येष्ठ धम्मरत्न मुनेश्वर. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "एक महिना दोघंही याच कम्प्युटरवर हात बसवा. सकाळी दहा ते एक आडे, दुपारी दोन ते पाच मोहरील. महिन्यानं शनिवारी परीक्षा. जो बसेल तो बसेल. मंग माह्याकडं रडत यायचं नाही."

किसनसिंगकडं दुसरं काही नव्हतं. तांड्यातली शेती त्याचा मुलगा बादल पाहतो. बापाला फवारणीचा पंपही पाठीवर घेता येत नाही. ही खुर्ची गेली तर घरी बसायचं. त्याची बायको जमनी मला एकदा म्हणाली होती, "बाबू, हा मानूस दिवसभर घरी राह्यला ना, तं मी वावरात झोपडी टाकून राहीन." ती हसत म्हणाली होती. पण झोपडीची जागा तिनं पाहून ठेवली असावी.

गावात माझं कम्प्युटरचं दुकान आहे, हा कम्प्युटर तिथूनच गेला. स्पीकर घ्या म्हटलं, तर वकील म्हणाले, गाणे ऐकायचे नाहीत आम्हाले. नाही घेतले. मराठी टायपिंग जुन्या मशीनच्याच पद्धतीचं टाकून दिलं, म्हणजे कुठलं अक्षर कुठं, यात किसनसिंगची अडचण नव्हती. अडचण बाकीच्या बटणांची होती. टाइपरायटरला जी बटणं नव्हती, ती सगळी त्याच्या दृष्टीनं मोहरीलनं लावलेली होती.

पहिल्याच आठवड्यात पडदा आडवा झाला. त्याच्या दणकट हाताखाली एकाच वेळी कोणती तीन बटणं आली देव जाणे, पण अक्षरं सगळी कुशीवर झोपली. दुसरा कुणी असता तर मला बोलावलं असतं. यानं मॉनिटरच काढला, आडवा पाडला, एका बाजूनं दावेफायली आणि दुसऱ्या बाजूनं वीट लावली आणि तीन तास टाइप केलं. दोन वाजता स्वानंद आला आणि दारातच थांबला.

"काका, टीव्ही झोपला काय?"

"तूच झोपवला. अन् आता मले इचारतं."

"मी काल पाच वाजता बंद करून गेलो, काका."

"हाव ना. जाता जाता काय करून गेला ते तुले मालूम."

मी येऊन तीन बटणं दाबली, पडदा उभा झाला. किसनसिंगनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चोरीचा माल परत आणून दिला आणि चोराचं नाव सांगत नाही. दोन दिवसांनी मधे अक्षर घालायला गेलं की पुढचं अक्षर गायब व्हायला लागलं. 'रामराव' मध्ये दुरुस्ती करता करता निम्मा रामराव संपला. एक बटण चुकून दाबलं गेलं होतं, मी परत दाबून दिलं. मग माऊसचं चाक फिरवताना दुसरा हात भलत्या बटणावर राहिला आणि अक्षरं भिंतीवरच्या जाहिरातीएवढी झाली. दर वेळी तो तारीख आणि वेळ डायरीत लिहून ठेवायचा, समोर 'मो.' असं अक्षर घालून. मो. म्हणजे मोहरील.

मी सांगून पाहिलं. "आडेकाका, हे तुमच्याच हातानं होते. बटणं दाबली जातात."

"एकतीस वर्षं माह्या हातानं काही झालं नाही. आता होते?"

"मशीन वेगळं आहे ना."

"मशीन येगळं नाही, मानूस येगळा हाय. दुपारी दोन ते पाच बसते तो."

पण खरा घोटाळा दुसऱ्या आठवड्यात, पक्षकार समोर बसायला लागल्यावर सुरू झाला, आणि तिथं माझीही मती गुंग झाली. कीबोर्ड मरायला लागला. सगळा वेळ नाही. एक परिच्छेद ज्वारीसारखा पडायचा, आणि पुढच्याला एकही अक्षर उमटायचं नाही. बोटं धावतायत, पडदा कोरा. शिव्या देत, टेबल ठोकत तो बसून राहायचा, पक्षकाराला मागचं पुन्हा म्हणून दाखवायचा, आणि अचानक कीबोर्ड जिवंत व्हायचा. थोड्या वेळानं पुन्हा मेला.

योगायोगानं स्वानंद सकाळी बाहेर चिंचेखाली मोबाईल पाहत बसायचा. किसनसिंगनं ताडलं: हा मोबाईलवरून बंद करतो.

"पाह्य, पाह्य, त्यानं मोबाईल काढला! आता मरते पाह्य."

आणि खरंच मरायचा! मी काय सांगणार?

मी नवा कीबोर्ड लावला. दुसऱ्या दिवशी तोही मेला. तिसरा आणला. तपासायचं म्हणून मी स्वतः बसलो आणि दुकानदाराच्या सवयीनं एकेक बटण दाबून धरून पाहिलं. क उमटला. म उमटला. सगळी अक्षरं उमटली. किसनसिंगनं मला उठवलं, स्वतः बसला, बोटं चालवली. कोरा पडदा. तीन जण पाहत होते, त्यात दारात टेकलेला स्वानंदही.

"याच्या हातानं चालते अन् माह्या हातानं नाही?" किसनसिंगचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला.

स्वानंदनं फार हळुवार उत्तर दिलं. "काका, वय झालं की बोटांतला जोर जातो. बाबांचंही शेवटी असंच झालं होतं. कीबोर्डला कळतं ते."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. तीन कीबोर्ड खराब निघण्यापेक्षा एक म्हातारा खराब निघणं जास्त पटण्यासारखं होतं.

त्यानंतर किसनसिंगनं डायरीत 'मो.' लिहिणं बंद केलं. शिव्याही कमी झाल्या. आम्हाला सगळ्यांना बरं वाटायला पाहिजे होतं.

बाजाराच्या दिवशी जमनी दुकानात आली. पिशवी खाली ठेवली नाही, उभ्यानंच विचारलं.

"बाबू, त्याच्या बोटाले काय झालं?"

"काही नाही, याडी. काहून?" मी म्हटलं. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"सकायी उठते अन् जेवाच्या थाळीवर बोटं वाजवते. मले म्हनते, आवाज पयल्यासारखा येते का सांग. मी म्हटलं येते. तं म्हनते, तुले काय समजते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भांडन करत नाही आता. परवा भाजीत मीठ नोहतं, तरी खाल्ली. मले भेव लागून राह्यलं."

मी म्हटलं वयाचं असेल. ती गेली. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, की झोपडीची गंमत आता संपली आहे.

शनिवार आला. खोलीत धम्मरत्न साहेब, मी, दोघे परीक्षार्थी आणि पंचफुलाबाई. वकील लोक कागद फुकट घालवत नाहीत. परीक्षेला खराखुरा दस्त घेतला होता. पंचफुलाबाईचं आणि तिच्या भावाचं वाटणीपत्र. बाई विधवा, पन्नाशीची, बोलायला तिखट. हातानं लिहिलेला एकच मसुदा दोघांना द्यायचा, वेळ लावायची, चुका पाहायच्या. जो कागद बरा, त्यावर बाई अंगठा देणार.

सुरू व्हायच्या आधी स्वानंद म्हणाला, "साहेब, एक सुचवू? पक्षकाराला वाचून दाखवणंही परीक्षेत धरा. निदान पहिल्या परिच्छेदानंतर. काकांची ती खासियत आहे, त्यांच्यावर अन्याय नको."

धम्मरत्न साहेबांना ते फार आवडलं. मलाही आवडलं. म्हटलं, पोरगा मनानं मोठा आहे.

आधी स्वानंद बसला. पेन ड्राईव्ह लावला, एक जुनं वाटणीपत्र उघडलं, नावं बदलली, गट नंबर बदलले, मधे पंचफुलाबाईला पहिला परिच्छेद गोड आवाजात वाचून दाखवला. बावीस मिनिटं. प्रिंट काढून साहेबांच्या हातात.

मग किसनसिंग. पहिला परिच्छेद त्यानं असा टाकला की साहेबांनी मान वर करून पाहिलं. मग करंगळी उजव्या शिफ्टवर गेली, डोळे पंचफुलाबाईच्या तोंडावर. "लिहून देणार श्रीमती पंचफुला..." सगळं म्हणून दाखवलं. तिनं पापणी हलवली नाही. ती उलट त्याच्याकडंच रोखून पाहत होती. "हाव?" "हाव." एंटर. बोटं सुटली.

पडदा कोरा.

त्यानं पुन्हा सुरू केलं. कोरा. स्वानंद खिडकीतून बाहेर पाहत होता. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आडे, राहू द्या आता. होते असं."

"काय होते?"

"उमर होते."

किसनसिंगनं एक बटण दाबलं आणि रागानं दाबूनच धरलं, ढेकूण चिरडावा तसं. अक्षर उमटलं. त्यानं दुसरं दाबून धरलं. तेही उमटलं. तो थोडा वेळ पडद्याकडं पाहत राहिला. मग एकेक अक्षर, मनात एक आकडा मोजून, दाबत सुटला. एकतीस वर्षं धावलेली बोटं चिखलातून बैल निघावा तशी चालली होती.

"साहेब, हे काय आहे? दिवस जाईल यात," स्वानंद म्हणाला.

"वेळेची अट होती का?" किसनसिंगनं मान न वळवता विचारलं.

"वेळ लावतो म्हटलं होतं. अट नाही ठेवली," साहेब म्हणाले. त्यांनाही आता कुतूहल वाटायला लागलं होतं.

"मंग बसा. नाहीतं जेवून या."

मी पुढं होऊन म्हटलं, "काका, कीबोर्ड बदलून देऊ का?"

"हात लावला तं तोडून टाकीन. तू अन् तो, दोघं एकाच पिशवीतले."

पुढचे परिच्छेद त्यानं म्हणून दाखवले नाहीत. तेवढी ताकदही नव्हती. साहेब जेवून आले. पंचफुलाबाई दोनदा पाणी प्यायली. स्वानंदनं मोबाईलची बॅटरी संपवली. एक तास अठरा मिनिटांनी किसनसिंगनं शेवटचा पूर्णविराम दाबून धरला आणि हात मांडीवर ठेवले.

धम्मरत्न साहेबांनी घसा साफ केला. "आडे, तुमची मेहनत पाह्यली. पन बावीस मिनिटं अन्..."

"दोन्ही कागद वाचा अगोदर," पंचफुलाबाई म्हणाली. "अंगठा मी देनार हाय ना? का तुम्ही देनार?"

साहेबांनी स्वानंदचा कागद वाचायला घेतला. नावं बरोबर, गट बरोबर. चतुःसीमा बरोबर. आणि शेवटी, "सदर गटातील विहीर ही भावाच्या हिश्श्यास राहील."

बाई उभी राहिली.

"माही इहीर भावाकडं काहून गेली? ती माह्या सासऱ्यानं नाही, माह्या बापानं मले खंदून देल्ली. हे कोनं लिहिलं?"

मसुद्यात विहीर बाईचीच होती. जुन्या वाटणीपत्रात दुसऱ्या कुणाच्या तरी भावाची होती, तीच इथं राहिली.

"एक ओळ आहे, साहेब," स्वानंद घाईनं म्हणाला. "दोन मिनिटांत बदलतो."

"तुह्या दोन मिनिटांत माही इहीर गेली असती ना बाप्पा!" ती किसनसिंगकडं वळली. "तू वाच. तुह्यात काय हाय पाहू दे."

किसनसिंगनं करंगळी सवयीनं शिफ्टवर ठेवली आणि तिच्याकडं पाहत सगळा दस्त म्हणून दाखवला. विहीर तिच्याकडं होती. विहिरीवरची मोटर तिच्याकडं होती. मोटरीपर्यंत जायची पायवाटही तिच्याकडं होती. ती मसुद्यात समासात लिहिलेली होती, स्वानंदच्या कागदात आलीच नव्हती. बाईनं मान हलवली.

"ठिकाण अन् तारीख राह्यली," साहेब म्हणाले.

किसनसिंग वळला. 'ठिकाण : दिग्रस', असं टाइप करायला त्यानं पहिलं बटण दाबून धरलं, आणि पडद्यावर ठठठठठठ अशी रांग लागली. तो दचकला. पुसलं. मग हलकंच बोट लावलं. उमटलं. दुसरं. उमटलं. आणि मग तारीख एका दमात पडली. खोलीत सगळ्यांनी ती ज्वारी ऐकली.

त्यानं करंगळी डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग तीच करंगळी पुन्हा शिफ्टवर ठेवली आणि दाबून धरली. या वेळी डोळे कुणाच्या तोंडावर नव्हते, पडद्यावर होते. आम्हीही पाहत राहिलो. सात-आठ सेकंद गेले असतील. पडद्यावर एक लहान चौकट उघडली.

"हे काय हाय? वाच बे," तो मला म्हणाला.

इंग्रजी होतं. मी वाचून सांगितलं. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की कम्प्युटर विचारतो, भरभर दाबलेली बटणं सोडून देऊ का, हळू दाबलेली तेवढीच घेऊ का. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी सोय आहे. एंटर दाबला की 'हो'. पुन्हा आठ सेकंद दाबलं की बंद. सोबत शिट्टीसारखा आवाजही होतो, पण स्पीकर आपण घेतले नव्हते. आणि चौकट उघडायची तेव्हा किसनसिंग पक्षकाराचं तोंड पाहत असायचा, 'हाव' आलं की एंटर मारायचा.

तीन कीबोर्ड मी लावून पाहिले होते. आठ सेकंद एक बटण दाबून पाहिलं नव्हतं.

"त्यात माझा काय दोष?" स्वानंद म्हणाला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. "चौकट त्यांच्यासमोर येत होती. वाचायला पाहिजे होती. मी बाहेरून पाहिलं तर दोन मिनिटांत समजलं मला."

धम्मरत्न साहेब वकील माणूस. त्यांनी चष्मा काढला.

"तुले समजलं? केव्हा?"

स्वानंदला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. "दुसऱ्या आठवड्यात," तो म्हणाला. "पण मी कुठं काही केलं? मी फक्त सांगितलं नाही."

"अन् आज वाचून दाखवायचं परीक्षेत धरा म्हणून कोणं सुचवलं?"

मी उगाच कीबोर्डची वायर सरळ करत राहिलो. त्या पोराला मनानं मोठा म्हणणारा मीच होतो.

साहेबांनी खोलीची किल्ली टेबलावर किसनसिंगपुढं ठेवली. "दया म्हणून देत नाही, आडे. लोकायच्या इहिरी इकडच्या तिकडं करणारा मानूस मले परवडत नाही. अन् मोहरील, तुम्ही सोमवारपासून रस्त्याच्या पल्याड बसा."

किसनसिंगनं किल्ली उचलली नाही. तो स्वानंदकडं पाहत होता, त्याच नजरेनं. "बोटाले जोर नाही म्हटलं तू मले," तो म्हणाला. "मी पंधरा दिवस थाळीवर बोटं आपटली. बायकोले भेव घातलं. तुले माहीत होतं."

"काका, सॉरी म्हणतो ना मी."

किसनसिंगनं कम्प्युटरला लावलेला पेन ड्राईव्ह ओढून काढला आणि स्वानंदच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"तुह्या साऱ्या इहिरी घेऊन जाय. या खोलीत दिसला तं लंगडा करून पाठवीन."

स्वानंद गेला. पंचफुलाबाईनं अंगठा दिला आणि जाताना किसनसिंगला म्हणाली, "हळू करतं, पन बराबर करतं." त्यानं तिलाही काही चांगलं उत्तर दिलं नाही.

मी मात्र थांबलो. म्हटलं, "काका, ती सोय मी कायमची बंद करून देतो. दोन मिनिटं लागतील. मग कितीही वेळ दाबून ठेवा, काही होणार नाही."

"कायले?"

"म्हणजे परत तसं व्हायला नको."

"कुठं चावते ते मालूम झालं ना आता? मंग चावू दे. तुह्या हातानं नीट व्हायचं असतं तं तीन कीबोर्डात झालं असतं. चाल, बाहेर हो."

त्यानं किल्ली घेतली, मला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावून घेतली.